आईच्या रक्ताचं वजन

लोणावळ्याच्या आमच्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत एक तराजू होता. किराणा दुकानात असतो तसलाच, पितळेच्या दोन पारड्यांचा, बाजारपेठेतूनच आणलेला. त्यावर मी रक्ताचं वजन करत असे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण त्यात गूढ काही नाही. ऑपरेशन चालू असताना वाहणारं रक्त गॉजच्या घड्यांनी टिपतात. कोरड्या घडीचं वजन आधी ठाऊक असतं. भिजलेली घडी तोलायची, कोरडीचं वजन वजा करायचं, उरेल तेवढं रक्त माणसाच्या अंगातून गेलं. मी तो आकडा खडूनं फळ्यावर मांडायची आणि पुण्याहून येणारे सर्जन हातातलं काम न थांबवता मान वळवून तो वाचायचे.

त्या तराजूवर मी माझ्या आईचं रक्त तोललं. ते किती भरलं हे लपलेलं नाही, फळ्यावर लिहिलंच होतं. जे लपलं ते आता सांगते. कुणी विचारलेलं नाही, आणि विचारणारी माणसंही आता फारशी उरलेली नाहीत.

आम्ही कार्ल्याचे. वडील मी शाळेत असतानाच गेले आणि आईनं मला दुसऱ्यांच्या भातखाचरांत राबून शिकवलं. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, ती सकाळी चिखलात उतरायची ती दिवस मावळेपर्यंत. गुडघाभर पाण्यात, कमरेत वाकून, मागं मागं सरकत. ज्याचं खाचर असे त्याच्या घरून दहाच्या सुमारास चहा यायचा आणि चहाबरोबर दर बाईला एक पांढरी गोळी. दुखण्यावरची ती गोळी दुकानात बरणीत सुटी मिळायची. ती घेतली की बाईची कंबर दुपारपर्यंत कुरकुरत नाही, हे मालकालाही ठाऊक आणि बायांनाही. आमच्या आळीतल्या बायांना चहा वरून ओतायचे, जिच्या तिच्या भांड्यात. गोळीही वरूनच टाकायचे. आई ती झेलायची. मी बांधावर बसून हे बघितलेलं आहे, आणि मोठेपणी ते आठवलं की माझं डोकं फिरायचं. आई मात्र म्हणायची, "दिली तर दिली. कंबर तर ऱ्हाती."

पुढं आम्ही बौद्ध झालो. घरातले देव आईनं टोपलीत भरले आणि इंद्रायणीत सोडून आली. ताईत गेले, अंगारे गेले, उपास गेले. चहातली गोळी तेवढी राहिली. माझ्या हाती नर्सचा पगार आला, तिचं शेतात जाणं मी बंद केलं, तरी सकाळच्या चहात एक आणि संध्याकाळच्या चहात एक, असा तिचा नेम चालूच होता. मी रागावले की हसायची. म्हणायची, "तू मोठी डाक्टरीण झालीस म्हून काय मी चा सोडू?"

तोवर तिचा उजवा गुडघा पार गेला होता. सुजून नारळाएवढा झालेला, आत हाडावर हाड घासायचं आणि तो आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू यायचा. घरात ती बसल्या बसल्या सरकायची. परसाकडं जायचं तर माझा खांदा लागायचा, आणि माझी ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. मी कामावरून परतायची तेव्हा ती कधी कधी दाराशी बसलेली असायची, लुगडं ओलं झालेलं, मान खाली. मी पाणी तापवायची.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आमचं इस्पितळ वलवणच्या बाजूला, पत्र्याच्या छपराचं, पंचवीस-तीस खाटांचं. तिथं महिन्यातून दोन गुरुवार पुण्याहून हाडांचे सर्जन यायचे. परदेशी शिकून आलेले, बारीक चणीचे, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी तिकडून येताना धातूचे दोन सांधे आणले होते. झिजलेला गुडघा कापून काढायचा आणि जागी धातूची बिजागरी बसवायची, असं ते ऑपरेशन. एक सांधा त्यांनी पुण्यात एका बाईला बसवला होता आणि ती बाई काठी न घेता चालत होती. दुसरा सांधा त्यांच्या कपाटात होता. एकदा काम आटोपल्यावर हात धुता धुता ते मला म्हणाले, "सिस्टर, तुमच्या आईंना घेऊन या."

आईला मी हे सांगितलं तेव्हा मावशीही घरी आलेली होती. ही आईची धाकटी बहीण, उर्शाला दिलेली. दोघींची फार माया. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिजागरी म्हंजे दाराला असती तसली?"

"तसलीच, पण चांगली."

"मंग त्याल घालाया लागंल का गं?"

मावशी हसून हसून लोळायची बाकी राहिली. माझ्या आईला उभं राहायचं होतं. तिनं त्या दिवशी मला दुसरं काही विचारलं नाही.

सर्जन मात्र घाई करणारे नव्हते. ते म्हणाले, या ऑपरेशनात रक्त फार जातं, आणि रक्त वाचवायचं ते सुरी लावायच्या आधी. तुमच्या आईंच्या अंगात मुळातच ते कमी आहे. आपल्याजवळ रक्तपेढी नाही, पुण्याहून दोन बाटल्या मागवून ठेवू, पण त्या दोनच. म्हणून आधी दोन महिने लोहाची इंजेक्शनं, गूळ, नाचणी, पालेभाजी. मग शेवटचे पंधरा दिवस ती पांढरी गोळी पूर्ण बंद. "ती गोळी रक्त गोठू देत नाही, सिस्टर. अलीकडेच कळायला लागलंय. दुखलं तरी चालेल, पण एकही नको. घेतलेली कळली तर मी सुरी लावणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी शांतपणे उच्चारलं, आणि ते शब्दाचे पक्के होते हे मला ठाऊक होतं. दुसरं एक ठाऊक होतं. ऑपरेशनच्याच महिन्याच्या अखेरीस ते परदेशी परत जाणार होते, कायमचे. आईची तारीख त्यांच्या शेवटच्या गुरुवारची होती. तो हुकला की कपाटातला सांधा जाणार, सर्जन जाणार, आणि आई आयुष्यभर दाराशी बसून राहणार.

आईनं गोळी सोडली. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण पुढं तिच्यावर भलतंच बालंट आलं. पंधरा दिवस तिनं त्या गोळीला हात लावला नाही. थंडी मार्गशीर्षाची, सकाळी दहापर्यंत धुकं उठायचं नाही, आणि थंडीत तो गुडघा तिला सोलून काढायचा. ती पदराचा बोळा दातांत धरून बसायची. मी म्हणायची, "आई, थोडेच दिवस." ती मान हलवायची. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिची झोप उडाली आणि चेहरा काळवंडला.

ऑपरेशनच्या तीन दिवस आधी तिला वॉर्डात भरती केलं. सोबतीला मावशी राहिली. आमच्याकडे माणूस इस्पितळात पडलं की भेटायला येणारे अंगारा आणतात, उतारा टाकतात, खाटेच्या पायाला काहीबाही बांधतात. आमच्या घरात ते सुटलेलं. मावशीनं आणला तो एक स्टोव्ह आणि एक किटली. वॉर्डाच्या मागं पडवीत नातेवाइकांनी चूल-स्टोव्ह मांडायची मुभा होती. तिथं ती संध्याकाळचा चहा करायची आणि बहिणीला आपल्या हातानं पाजायची. पहिल्याच रात्रीपासून आईला झोप लागू लागली. चेहऱ्यावर टवटवी आली. मी मनात म्हटलं, वॉर्डात आली, भीती गेली. मी नर्स होते. इतके दिवस तळमळणारं माणूस एकाएकी झोपायला का लागलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो मला पडला नाही.

गुरुवारी सकाळी मी आईला तयार करायला गेले. पाय धुऊन, औषध लावून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा होता. आईला मॅट्रननं आत नेलं होतं. मी पडवीत गरम पाणी घ्यायला आले तर मावशी किटली घासत होती. माझ्याकडं बघून तिचं तोंड फुललं.

"नीट झोपली बग तुजी आई. तीन रोज."

"हो ना. बरं झालं."

"बरं झालं म्हंजे? म्या क्येलं म्हून झालं." तिनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "सांजच्या चात एक गोळी चुरून घालीत हुते. तिला ठाव बी न्हाई. लय कन्हत हुती गं, माज्यानं बगवंना."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. ते कुठं ठेवलं, कसं ठेवलं, अजून डोळ्यांसमोर आहे. मावशीनं माझा चेहरा वाचला असावा. तिनं विचारलं, "का गं? चालतंय न्हवं?"

बाहेर फाटकाशी सर्जनची गाडी लागली होती. मी त्यांना व्हरांड्यातून येताना बघत होते, हातात ती पेटी, पेटीत सांधा. चार पावलं जाऊन सांगायचं होतं. ते पेटी घेऊन परत फिरले असते, माझ्यावर रागावलेही नसते. मी हिशेब केला. तीन गोळ्या. फक्त तीन. बाई आयुष्यभर रोज दोन घेत आली आणि मेली नाही. रक्त अडवायला रबरी पट्टी आहे, मांडीला आवळायचा कफ आहे, दोन बाटल्या आहेत, सर्जनचा हात सोन्यासारखा आहे. तीन गोळ्यांनी काय होणार?

मी मावशीला म्हटलं, "चालतंय."

ती पुन्हा किटली घासायला लागली.

खरं म्हणजे घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आत उभं राहायचं नाही असा आमच्याकडं रिवाज. मॅट्रन मला बाहेर थांब म्हणाली. पण कफची आणि तराजूची सवय दुसऱ्या कुणाला नव्हती. सर्जन म्हणाले, "सिस्टर आत असू द्या." मी आत गेले.

आईला भूल चढली. मग मी आणि सर्जननी मिळून तिच्या पायाच्या बोटांपासून रबरी पट्टी आवळत आवळत मांडीपर्यंत नेली. अशानं पायातलं सगळं रक्त वर ढकललं जातं. मग मांडीला रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखा कफ बांधून फुगवायचा, म्हणजे ते खाली उतरत नाही. पट्टी सोडली तेव्हा पाय मेणबत्तीसारखा पांढरा पडला होता. चिखलात उभं राहून काळ्या पडलेल्या त्या पायाला मी असं पांढरं कधी बघितलं नव्हतं. सर्जननी सुरी लावली आणि रक्ताचा थेंब आला नाही.

कफ दीड तासाच्या वर ठेवायचा नाही, नाहीतर पाय मरतो. घड्याळ बघून वेळ पुकारायचं काम माझं. अर्धा तास. पाऊण तास. आतली कामं सुतारकामासारखी, करवत आणि हातोडी. तराजूच्या पारड्यात ज्या काही दोनचार घड्या पडल्या त्या जवळजवळ कोरड्याच. मी फळ्यावर मांडलेला आकडा बघून सर्जन मास्कच्या आत हसले असावेत, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. सांधा बसला. त्यांनी आईची टाच धरून पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. गेली कित्येक वर्षं तो पाय असा वाकला नव्हता. आवाज न करता वाकला. मला रडू फुटायचं बाकी होतं. मी स्वतःला म्हटलं, बघ, काही झालं नाही.

"सव्वा तास," मी म्हणाले.

"सोडा कफ," ते म्हणाले.

कफ सोडल्यावर एक लोंढा येतो, तो येतोच. पायाला रंग चढतो, जिथं जिथं शीर तुटलेली तिथून रक्त उसळतं. सर्जन एकेक तोंड चिमट्यात धरतात, बांधतात, मग गरम पाण्यात पिळलेल्या घड्या दाबून पाच मिनिटं थांबतात. पाच मिनिटांनी घड्या उचलल्या की खाली कोरडं असतं. त्या दिवशी घड्या उचलल्या तर खाली ओलं होतं. मोठं काही नाही. कुठून येतंय ते दिसत नव्हतं. हाडाच्या कडेतून, स्नायूतून, कातडीच्या काठातून, सगळीकडून झिरपत होतं. त्यांनी पुन्हा घड्या दाबल्या. मी घड्याळ बघितलं. पुन्हा उचलल्या.

"वजन?"

मी तोललं. आकडा लिहिला. त्यांनी मान वळवून वाचला आणि नव्या घड्या मागितल्या. पारड्यात नवीन घड्या पडत होत्या. मी एका पारड्यात वजनं चढवत होते, दुसऱ्या पारड्यात माझ्या आईच्या अंगातलं रक्त, आणि दोन महिने मी तिला घास घास भरवून जे अंगात भरलं होतं ते हेच, हे मला त्या क्षणी कळत होतं. नाचणी. गूळ. पालेभाजी.

"हे थांबायला हवं होतं," सर्जन म्हणाले. मग माझ्याकडं सरळ बघून विचारलं, "सिस्टर, गोळ्या बंद होत्या ना?"

अजून वेळ होता. तेव्हा मला ठाऊक नव्हतं किती होता, नंतर कळलं. मी म्हणाले, "हो सर. पंधरा दिवस."

त्यांनी माझा शब्द घेतला. का घेऊ नये? सहा वर्षांत मी त्यांना चुकीचा आकडा कधी दिला नव्हता.

त्यांनी टाके घातले, कापसाचा जाड थर देऊन मांडीपासून पोटरीपर्यंत घट्ट बांधलं आणि पुण्याची पहिली बाटली लावली. बाराला आईला खोलीत आणलं. साडेबाराला ती भुलीतून जागी झाली. मावशी उशाशी होती, मी नाडी धरून होते.

"झाली का बिजागरी?" आईनं विचारलं.

"झाली. पाय वाकतोय, आई. मी बघितला."

"लय तान लागलीय."

भुलीतून उठलेल्या माणसाला तहान लागते. पण रक्त गेलेल्या माणसालाही लागते, आणि ती तहान वेगळी असते. ओठ ओले केले तरी ती जात नाही. आई जीभ बाहेर काढून ओला बोळा शोधत होती. दुसरी बाटली लावली. पावणेदोनला कापसाच्या थरातून पोटरीकडं पहिला डाग आला. मी त्यावर आणखी कापूस बांधला. अडीचला त्या कापसातूनही आला. नाडी माझ्या बोटांखाली सुतासारखी बारीक झाली होती आणि धावत होती.

सर्जननी पुण्याला ट्रंक कॉल लावला. रक्त निघायला, घेऊन यायला किती वेळ लागेल हे तिथं कुणालाच धड सांगता येईना. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि मला विचारलं, "तुमचा गट आईंचाच ना?"

आमचा गट एकच होता. पहिल्या दिवसापासून केसपेपरवर लिहिलेलं होतं. थिएटरात माझी गरज म्हणून त्यांनी मला शेवटची राखून ठेवली होती. मला शेजारच्या खाटेवर आडवं केलं. बाटली भरत असताना ते नळीकडं बघत उभे होते आणि स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "बाटलीतल्या शिळ्या रक्तात गोठवणारं फारसं काही उरत नाही. गोळीचा परिणाम उतरवायला ताजंच लागतं. सकाळी थोडी जरी शंका असती तर मी हेच आधी दिलं असतं. टेबलावरच."

मी छताकडं बघत होते. पत्र्याखाली ताडपत्री ठोकलेली होती, तिला एका कोपऱ्यात ओल आली होती. टेबलावर मी आईपासून दोन हातांवर उभी होते. ते ताजं रक्त माझ्या अंगात होतं.

माझी बाटली अर्धी चढली होती तेव्हा आई गेली. उन्हं अजून खिडकीत होती. पुण्याचं रक्त नंतर आलं.

तीन गोळ्यांनीच हे झालं, असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. पुढं मी पुष्कळ डॉक्टरांना आडून आडून विचारलं. कुणी म्हणालं एवढ्यानं होत नाही, कुणी म्हणालं जिच्या अंगात मुळात कमी, तिच्या बाबतीत एवढंही पुरतं. मला त्यांच्या उत्तराचा काही उपयोग नव्हता. मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले होते, एवढं मला पुरेसं होतं.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी ती कदाचित सहन केली असती.

व्हरांड्यात सर्जन, मॅट्रन आणि भूल देणारे डॉक्टर उभे होते. सर्जन खचले होते. त्यांनी मावशीसमोर खाली वाकून, अगदी हळू विचारलं, "आईंनी कुठली गोळी घेतली होती का हो? आठवून सांगा. मी रागावणार नाही."

मावशी रडायची थांबली. तिला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. मी तिचा चेहरा बघत होते आणि तो कसा बदलत गेला ते मी बघितलं आहे.

"म्या दिल्ती," ती म्हणाली. "चातून. तीन रोज. तिला ठाव न्हवतं." मग ती माझ्याकडं वळली. तिचं तोंड उघडं होतं, पुढचा शब्द येणार होता. सकाळी पडवीत तिनं मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, हे ती आता सांगणार होती. न्यायानं तिनं सांगायलाच हवं होतं.

तिच्याआधी मी बोलले. मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मावशी, अगं मला का नाही सांगितलंस?"

मावशी माझ्याकडं बघत राहिली. माझ्या डोक्यावर पांढरी टोपी होती, दंडाला रक्त काढल्याची चिकटपट्टी. तिनं त्या टोपीकडं बघितलं असं मला वाटतं. मग तिनं तोंड मिटलं, खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, "चुकलं माजं."

सर्जन माझ्या जवळ आले. "यात तुमचा काही दोष नाही, सिस्टर," ते म्हणाले. मॅट्रननं मला जवळ घेतलं. केसपेपरवर लिहिलं गेलं की रुग्णानं सूचनेविरुद्ध गोळ्या घेतल्या. आईनं पंधरा दिवस पदर चावून पाळलेला शब्दही असा गेला. महिनाअखेर सर्जन परदेशी निघून गेले.

कार्ल्यात आणि उर्शात सगळ्यांना कळलं. कुणी मावशीला शिव्या दिल्या नाहीत, आमच्याकडची माणसं तशी नाहीत. फक्त कुणाकडं पाहुणे आले आणि ती चुलीकडं वळली की कुणीतरी सुनेला हाक मारायचं. चेष्टेतच म्हणायचे, "तुजा चा नगं बाई." ती हसायची. मग तिनं कार्ल्याला यायचं सोडलं. मी वर्षातून एकदा तिच्याकडं लुगडं घेऊन जायची, ती ते ठेवून घ्यायची, कधी नेसलेलं मला दिसलं नाही. एकटं गाठून तिला काही विचारावं, पाय धरावेत, असं मी प्रत्येक वेळी ठरवून जायची आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठायची. नोकरी जाईल अशी भीती होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. नोकरी कुणी घेणार नव्हतं. मला चांगलं म्हणवून घ्यायची सवय लागली होती आणि ती मला सोडवेना.

उलट माझा लौकिक वाढला. ऑपरेशनच्या आधी दर पेशंटला मी खोदून खोदून विचारायची. दुकानातली गोळी घेता का, चहात कुणी घालून देतं का, सोबत कोण आहे, त्यांनाही बोलवा. नातेवाइकांच्या किटल्या मी हुंगून बघायची. पोरी मला पाठीमागं फौजदारीण म्हणायच्या. नवीन आलेले डॉक्टर कौतुकानं सांगायचे की सिस्टरच्या घरी असं असं झालं, म्हणून त्या इतक्या जपतात.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला एक दिवस मावशी ओपीडीत आली. तिच्या नातवानं तिला खांद्याला धरून आणलं होतं. दोन्ही गुडघे तसेच, आईसारखे. मी आत डॉक्टरांच्या टेबलाशी केसपेपर लिहायला बसले होते. तिला मी तिथं असेन हे ठाऊक असणार. डॉक्टर तरुण होते, हुशार होते, पुण्याला आता हे ऑपरेशन चांगलं होतं असं त्यांनी तिला समजावलं. रक्तही पहिल्यासारखं जात नाही, आता खूप काळजी घेतात. घाबरायचं काही नाही, आजी.

"भ्या कशाचं?" मावशी म्हणाली. "मला नगं."

"पण का? चालायला लागाल."

"माज्या हातनं माजी बहीन गेली, डाक्टर. ह्याच गुडघ्यापायी. आता मी चालून कुटं जाऊ?"

ही त्या गोष्टीतली बाई आहे हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी हळूच माझ्याकडं बघितलं, सहानुभूतीनं. खोलीत आम्ही चौघंच होतो. मावशी टेबलाच्या कडेला धरून उठली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. माझं नाव तिच्या तोंडून तेव्हाही आलं नाही, आणि पुढं ती गेली तोवर कधीच आलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "काय लिहिताय, सिस्टर?"

मी म्हणाले, "रुग्णाचा नकार." आणि खाली सही करून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.